फी माफी, शिष्यवृत्ती, भत्ता आणि कर्ज: बारावीनंतरच्या खर्चाची मांडणी कोणत्या क्रमाने करावी

बहुतेक घरांत शिक्षणाच्या पैशाचा विचार उलट्या क्रमाने होतो. आधी प्रवेश, मग फीचा आकडा, मग कर्जासाठी बँकेत खेटे, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सगळ्यांत शेवटी, मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मिळू शकणारी मदत कमी नाही, पण तिचा मोठा भाग प्रवेशाच्या आधीच्या निर्णयांवर अवलंबून असतो: जागा कोणत्या कोट्यातली घेतली, दाखला कोणत्या वर्षाचा काढला, बँक खातं कोणतं जोडलं. म्हणून हा लेख योजनांची यादी न देता क्रम सांगतो. आधी फी जितकी कमी करता येईल तितकी करायची, मग राहण्या-जेवणाची सोय बघायची, आणि उरलेल्या रकमेपुरतंच कर्ज काढायचं.

फीच्या आकड्याचे तुकडे करा

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेजनिहाय मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, तिथेच तपासा. या फीचे दोन मुख्य भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. बस, मेस, वसतिगृह, गणवेश, 'प्लेसमेंट ट्रेनिंग' या रकमा वेगळ्या, आणि त्या शिष्यवृत्तीतून परत येत नाहीत.

हे आधी समजून घ्यायचं कारण असं की बहुतेक फी-सवलत योजना फक्त शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर लागू होतात. समजा एका अभियांत्रिकी कॉलेजची मंजूर फी १,२०,००० रुपये आहे, त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. शिक्षण शुल्काची ५० टक्के सवलत मिळणाऱ्या विद्यार्थ्याचे ५२,५०० रुपये सरकार भरतं, म्हणजे घरातून ६७,५०० जातात. 'अर्धी फी माफ' ऐकून ६०,००० ची तयारी केलेल्या पालकाला साडेसात हजार कमी पडतात. १०० टक्के सवलत असली तरी १५,००० भरावे लागतातच. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर होणारे बरेचसे वाद यातूनच उद्भवतात.

पहिली पायरी: जागेबरोबरच फी माफ

तंत्रशिक्षणात एक सोय अशी आहे की तिच्यासाठी नंतर शिष्यवृत्तीचा अर्ज करून पैशाची वाट बघावी लागत नाही. ती म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, सगळे जिला टीएफडब्ल्यूएस म्हणतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या नियमानुसार मंजूर जागांच्या ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांव्यतिरिक्त, जागा यासाठी असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं, बाकीची फी भरावी लागते.

कॅप राऊंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर येतं. म्हणजे एकाच कॉलेजची एकच शाखा यादीत दोनदा दिसते, एकदा साध्या कोडने आणि एकदा 'टी'च्या कोडने. फक्त साधा कोड भरला तर या जागेसाठी तुमचा विचारच होत नाही. दोन्ही भरा आणि 'टी' वर ठेवा. जागा थोड्या असल्याने कटऑफ बहुतेकदा चढा जातो, पण 'टी' मिळाला नाही तर खालचा साधा कोड असतोच, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही.

दोन बाबी सांभाळा. उत्पन्नाचा दाखला कागदपत्र पडताळणीच्या वेळीच लागतो, नंतर देऊन चालत नाही. आणि या जागेवर प्रवेश घेतला की पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. पहिलं वर्ष मेकॅनिकलला काढून दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला जायचा बेत असेल तर ही जागा घेऊ नका.

दुसरी पायरी: फीची प्रतिपूर्ती

इथे विद्यार्थ्याच्या प्रवर्गानुसार वाटा वेगळ्या होतात. अर्ज मात्र सगळ्यांचा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा २.५ लाख. यात फीबरोबर शैक्षणिक भत्ताही मिळतो. अनुसूचित जातीच्या योजनेत २०२१-२२ पासून हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे, वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिक्षण व परीक्षा शुल्क योजना आहे, जिला कॉलेजात 'फ्रीशिप' म्हणतात. त्यामुळे 'आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला काही नाही' असं समजून अर्ज सोडून देऊ नका.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक मोठा बदल झाला आहे आणि तो घरात सर्वांना माहीत असायला हवा. केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजच्या फीचेही पैसे असतात. ते ७ दिवसांच्या आत कॉलेजला भरायचे असतात. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती खर्चायला आली असं वाटतं, मग मोबाईल घेतला जातो किंवा घरातलं एखादं देणं भागवलं जातं. पुढे कॉलेज थकबाकी दाखवतं, निकाल आणि कागदपत्रं अडकतात. पैसे आले की त्याच आठवड्यात कॉलेजात भरा, पावती घ्या आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची योजना आहे, उत्पन्नमर्यादा ८ लाख. विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला १०० टक्के, इतर मागासवर्गाला ५० टक्के.

खुल्या प्रवर्गातल्या आणि आर्थिक मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिचं जुनं 'ईबीसी' हेच नाव अजून तोंडात आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के. अटी नीट वाचा: कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरतीच, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, आणि शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको.

मुलींसाठी चित्र आता बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के लाभ मिळतो. वरच्या उदाहरणातल्या कॉलेजात मुलीला शिक्षण शुल्काचे १,०५,००० भरावे लागत नाहीत. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा, आणि अभिमत विद्यापीठं व खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत.

आणि इथेच दरवर्षी अनेक कुटुंबं फसतात. नावात 'इन्स्टिट्यूट' असलेली संस्था कधी खासगी विद्यापीठ झाली हे पालकांना कळलेलं नसतं. इमारत तीच, शाखा त्याच, पण प्रवेश राज्याच्या कॅपमधून होत नाही आणि फी सवलतही नाही. तसंच व्यवस्थापन कोट्याचं, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांचं. 'आत्ता जागा घ्या, शिष्यवृत्तीचं नंतर बघू' असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा, कारण व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला वरच्या फी योजना लागू होत नाहीत. चांगल्या कॉलेजची कोट्यातली जागा आणि जरा खालच्या कॉलेजची कॅपमधली जागा यांत निवड करताना चार वर्षांच्या फीतला फरक कागदावर मांडा. ज्या घरात हा लेख कामाचा आहे, त्या घरासाठी आमचं मत कॅपच्या बाजूने आहे.

तिसरी पायरी: राहणं आणि जेवण

गावाकडून पुण्या-मुंबईत येणाऱ्या मुलाचा खोली आणि मेसचा खर्च बऱ्याचदा फीपेक्षा जास्त होतो, तरी त्याच्या योजना लोकांना कमी माहीत असतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी वर्षाला मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ६०,००० रुपये मिळतात. पुढे शहराच्या दर्जानुसार ५१,००० आणि ४३,०००, तर तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००. ही योजना वसतिगृहाच्या अर्जाशी जोडलेली आहे, म्हणून आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. 'वसतिगृह मिळणारच नाही, कशाला अर्ज' म्हणणारा विद्यार्थी स्वाधारमधूनही बाहेर पडतो. कॉलेज ज्या शहरात आहे तिथला तुम्ही स्थानिक रहिवासी नसावा. अनुसूचित जमातीसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं व्यावसायिक अभ्यासक्रमाला असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा. ती शाहू महाराज शिष्यवृत्तीबरोबर घेता येते, एक घेतली म्हणून दुसरी जात नाही. इथे अर्ज अडतो तो अल्पभूधारक दाखल्यावर. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, वारस नोंद झालेली नाही, मग वडिलांच्या नावे दाखला निघत नाही. हे काम प्रवेशाच्या गडबडीत होत नाही. मूल बारावीत असतानाच तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मजूर असाल तर नोंदणी चालू आहे ना, नूतनीकरण राहिलं नाही ना, ते बघा.

पुण्यात येणाऱ्यांनी विद्यार्थी सहायक समितीचाही विचार करावा. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांची अल्पखर्चात राहण्या-जेवणाची सोय करते. शिवाय कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात 'कमवा आणि शिका' योजना चालू आहे का ते विचारा. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठरावीक तास काम आणि तासाप्रमाणे मोबदला मिळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेतून रुजवलेली ही रीत आजही महिन्याच्या हातखर्चाला उपयोगी पडते.

केंद्राच्या योजना: एक घेतली की दुसरी जाते

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, आधी एकदाच करायची नोंदणी करून ओटीआर क्रमांक घ्यावा लागतो. तिथली सर्वांत जास्त विचारली जाणारी योजना म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. बारावीत आपल्या बोर्डाच्या आपल्या शाखेत ८० पर्सेंटाईलच्या वर असणाऱ्यांसाठी, उत्पन्न ४.५ लाखांच्या आत. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, पदव्युत्तर शिक्षणात २०,०००. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

पर्सेंटाईल आणि टक्के एक नव्हेत. ८० पर्सेंटाईल म्हणजे बोर्डातल्या तुमच्या शाखेच्या ८० टक्के मुलांच्या पुढे असणं. त्याचा गुणांतला कटऑफ बोर्ड दरवर्षी जाहीर करतं.

या योजनेची अट अशी की राज्याच्या शिष्यवृत्तीचा किंवा फी प्रतिपूर्तीचा लाभ घेत असाल तर ती मिळत नाही. म्हणून हिशेब करा. अभियांत्रिकीला असलेल्या, शुल्क पूर्ण माफ झालेल्या मुलीने १२,००० साठी १,०५,००० सोडणं वेडेपणाचं आहे. उलट अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलाची फीच इतकी थोडी असते की त्याच्यासाठी हे १२,००० रोख जास्त मोलाचे. दोन्हीकडे अर्ज टाकून 'जे आधी येईल ते' असं करू नका. आधारमुळे दुहेरी लाभ उघड होतो आणि रक्कम परत करावी लागते.

तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती योजना आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, पदवी आणि पदविका दोन्हींना. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी सक्षम, तर अनाथ विद्यार्थ्यांसाठी स्वनाथ, रक्कम तितकीच. प्रगतीचा अर्ज पहिल्या वर्षी, किंवा पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षी आलेल्यांनी त्या वर्षीच करायचा असतो. तिसऱ्या वर्षी माहिती मिळून उपयोग नाही.

घरात धाकटं भावंडं असेल तर आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका. उत्पन्न ३.५ लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

कागदपत्रं: पैसे सर्वाधिक इथेच अडतात

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. सेवा हमी कायद्याप्रमाणे तो १५ दिवसांत मिळायला हवा, पण निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. आधीच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यात असायला हवं. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीवर टाकला की माहिती आपोआप येते, म्हणून दाखला आपले सरकारच्या पोर्टलवरूनच निघालेला हवा.

इतर मागासवर्गातल्या नोकरदार पालकांचा इथे हमखास घोळ होतो. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा प्रगत गटात नसल्याचा दाखला, ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र आई-वडील दोघांचं सगळं उत्पन्न येतं. त्यामुळे नॉन-क्रिमिलेअर हातात असूनही पगार ८ लाखांच्या वर असेल तर फी सवलत मिळत नाही. आरक्षित जागा मिळेल, सवलत नाही. हे आधी माहीत असेल तर कॉलेज निवडताना फीचा खरा आकडा समोर राहतो.

जात वैधता प्रमाणपत्राचं काम अकरावीतच सुरू करा. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीपुढे मुख्य प्रश्न असतो जुन्या पुराव्याचा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ यापूर्वीची जातीची नोंद. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत यांतलं जे सापडेल ते जमवा. वडील, सख्खा काका किंवा सख्खं भावंडं यांची वैधता झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, पण तेव्हा वंशावळ आणि नातं दाखवणारे कागद जोडावे लागतात.

अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फीची पावती आणि खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. हे सगळं स्कॅन करून प्रत्येक फाईल २५६ केबीच्या आत ठेवा आणि फाईलला नाव द्या. मोबाईलवर काढलेला तिरपा, अंधुक फोटो कॉलेजचा क्लार्क परत पाठवतो आणि मुदत त्यातच निघून जाते. आणखी एक: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या.

महाडीबीटीचा अर्ज

१. आधारवर नोंदणी करा. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक घरातल्या कोणाचा तरी, चालू आणि हाताशी असलेला हवा. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक किंवा ईमेल देऊ नका.

२. प्रोफाईलचे सगळे भाग भरा: वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, आधीचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाईल पूर्ण भरल्याशिवाय योजना दिसत नाहीत. 'इतर माहिती'त आई-वडील हयात आहेत का, काय करतात हे विचारतात. 'वसतिगृह'मध्ये खोली भाड्याने घेतली असेल तर तसंच भरा. घाईत 'डे स्कॉलर' टिचकवलं की भत्ता कमी होतो.

३. चालू अभ्यासक्रमात कॉलेज, शाखा, वर्ष आणि प्रवेशाचा प्रकार कॉलेजच्या बोनाफाईडशी ताडून भरा. एकाच संस्थेची पदवी आणि पदविका यांची नावं यादीत जवळजवळ सारखी दिसतात. चुकीच्या कॉलेजला गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

४. पात्र योजनांच्या यादीतून योजना निवडा, जोडपत्रं चढवा, अर्ज सादर करा आणि अर्ज क्रमांकाची छापील प्रत कागदपत्रांसह कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. ऑनलाइन अर्ज केला म्हणजे झालं, हा समज सर्वांत महागात पडतो. कॉलेजने पुढे पाठवल्याशिवाय अर्ज विभागाकडे जातच नाही.

५. दर आठवड्याला स्थिती बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर शेऱ्यात कारण लिहिलेलं असतं. दुरुस्त करून पुन्हा सादर करा. मंजुरीनंतर 'रिडीम'चं बटण दिसत असेल तर ते तुम्हालाच दाबायचं आहे.

६. पुढच्या वर्षी नवा अर्ज नाही, नूतनीकरण. निकाल लागल्या लागल्या गुण भरा. एटीकेटीवर पुढे गेला असाल तर तसं नमूद करा. इयर डाऊन असेल तर त्या वर्षाचा लाभ मिळत नाही असं धरून पैशाची सोय करा.

आधारला जोडलेलं खातं म्हणजे नेमकं काय

अर्ज मंजूर, पैसे सुटले, पण खात्यात नाहीत. अशा बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथे जातात. अशी बँक एका वेळी एकच असते आणि सर्वांत शेवटी जोडलेली असते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, संमतीच्या चौकटीत खूण केली, की आधार तिकडे सरकतं. विद्यार्थी आपल्या जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतो.

तपासणं सोपं आहे. 'माय आधार' संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असं दिसायला हवं. नाव वेगळं असेल तर आधी त्याच खात्यात पैसे आलेत का ते बघा. बदल करायचा असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म द्या आणि 'डीबीटीसाठी' असं स्पष्ट सांगा. खात्याच्या केवायसीसाठी आधार देणं आणि डीबीटीसाठी सीडिंग करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, काउंटरवर बऱ्याचदा फक्त पहिली होते. खातं विद्यार्थ्याच्या नावाचं हवं. अल्पवयीन असताना उघडलेल्या खात्यावर व्यवहाराची किंवा शिलकीची मर्यादा असू शकते, तीही अठरा पूर्ण होताच बँकेत विचारून घ्या.

शेवटची पायरी: कर्ज, उरलेल्या रकमेपुरतं

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर मालमत्तेचं तारण मागतात. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, फेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा नोंदलेला इतिहास, बघितला जातो. थकलेलं पीककर्ज, कुणाला जामीन राहिलेलं बुडीत कर्ज, बचत गटाचा चुकलेला हप्ता, हे सगळं तिथे दिसतं. बँकेत जाण्याआधी सिबिल काढून बघा, म्हणजे नाव साफ करायला वेळ मिळतो.

हप्ता नसला तरी व्याज चालू असतं. दरवर्षी १ लाख असं चार वर्षांत ४ लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरलं, तर पाच वर्षांत १,४०,००० व्याज साठतं. मग ५,४०,००० वर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,१४० रुपये बसतो. व्याज दरमहा भरत गेलात तर मुद्दल ४ लाखच राहतं आणि हप्ता सुमारे ५,२९०. एकूण फेडीत ८०,००० हून जास्त वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साधारण ८३० रुपये असतं. जमत असेल तर भराच.

उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल तर हे १,४०,००० केंद्र सरकार भरू शकतं. केंद्रीय व्याज अनुदान योजनेत व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळाचं पूर्ण व्याज मिळतं. संस्थेला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मूल्यांकन हवं, आणि कर्ज अनुसूचित, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेचं हवं. फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जाला हे अनुदान नाही. ती कंपनी दोन दिवसांत मंजुरी देते म्हणून तिकडे धावण्याआधी हा फरक डोळ्यासमोर ठेवा.

६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती वा व्याज सवलत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. आपलं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघून मगच यावर भिस्त ठेवा. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजनाही आहे.

बँकेने नकार दिला तर लेखी कारण मागा. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण नव्हे. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला असेल तर त्याची नोंद राहते. बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते.

फेड सुरू झाल्यावर जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला आयकरात या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. व्याजाचं प्रमाणपत्र बँकेकडून दरवर्षी मागून घ्या.

अडलं तर कुणाकडे

अर्ज कॉलेजकडे पडून असेल तर शिष्यवृत्ती विभाग, मग प्राचार्यांना लेखी पत्र, पोच घेऊन. विभागाकडे असेल तर योजनेनुसार पत्ता बदलतो: अनुसूचित जातीसाठी जिल्ह्याचं समाज कल्याण सहायक आयुक्त कार्यालय, जमातीसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी अभियांत्रिकीला तंत्रशिक्षण सहसंचालक आणि कला-वाणिज्य-विज्ञानाला उच्च शिक्षण सहसंचालक. जाताना अर्ज क्रमांक, स्थितीचा छापील कागद आणि बँक सीडिंगचा कागद हे तिन्ही बरोबर न्या. कॉलेज सरकारच्या वाट्याची फीसुद्धा आधीच मागत असेल तर शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि मागणी लेखी द्यायला सांगा.

'शिष्यवृत्ती मंजूर करून देतो' म्हणून कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. महाडीबीटी आणि एनएसपी दोन्हीकडे अर्जाला शुल्क नाही. सेवा केंद्रात टायपिंगचे पैसे द्यावे लागले तर पावती घ्या, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदला.